हौदातल्या देठांचा वास

नाक असावं तर वहिनीसारखं! गॅसप्लांटवर सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण तिची धाकटी नणंद तिथेच कटरवर होती आणि दिवसभर ‘वहिनी, वहिनी’ करून सगळ्यांचे कान किटवायची. पाला आणि देठ बारीक कापून हौदात कोमट पाण्यात भिजत घालायचे, झाकायचे, आणि आंबट वास नेमका भरला की गॅस बनवणाऱ्या मोठ्या टाकीत सोडायचे. कच्चे सोडले तर वर तरंगून घट्ट थर धरतात. जास्त आंबले तर टाकीचं पोटच बिघडतं, मग याच गॅसवर चालणाऱ्या शेजारच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात महिनाभर शेगडी पेटायची नाही. नेमकं कधी सोडायचं, ते वहिनीचं नाक सांगायचं. बारा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी एका तापात ते नाक गेलं. म्हणजे होतं आपलं जागच्या जागी, पण कामाचं राहिलं नाही. सांगायची सोय नव्हती. नाकासाठीच तर तिला ठेवलं होतं. मग ती हौदात कोपरापर्यंत हात घालायची, देठ चिमटीत मऊ लागला की मान डोलवायची. कसंबसं निभावलं.

पण या आठवड्यात आले फुलांच्या बाजारातले देठ. मेले जन्मजातच मऊ! हाताला काय कळणार, कपाळ?

दुपारी ती हौदाच्या झाकणावर टेकली. खालून ऊब येत होती. डोळे जड झाले. तिला वाटलं, झाकणाखाली एक अख्खी बाग पालथी झोपलीय आणि हळूहळू श्वास घेतेय. बुडबुडे वर येत होते, फुटत होते. प्रत्येकात एकेक वास असणार, आणि ते सगळे ओळख न दाखवणाऱ्या माणसांसारखे तिच्या चेहऱ्यावरून निघून जात होते. तिला फार एकटं वाटलं.

“काय मग, सोडायचं का आज?” प्लांटचे साहेब समोर उभे होते.

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं! शब्द अगदी ओठांवर आला. मग तिला इस्पितळातल्या थंडगार शेगड्या दिसल्या.

“साहेब, मला वास येत नाही. चार महिने झाले.”

साहेबांनी कपाळावर हात मारला. “आणि हे आत्ता सांगताय?”

नणंद कटर बंद करून धावत आली. झालं, आता ही बया गावभर करणार, म्हणून वहिनीने झाकणावरून उठून मान खाली घातली. पण नणंदेने झाकण सरकवलं आणि सरळ हौदात डोकं घातलं.

“आंबट येतोय.”

“आंबट येणारच गं. कसला आंबट? कुजक्या फळाचा?”

“छे! हिरव्या सफरचंदाचा. आणि त्याच्यामागे… गवत कापल्यावर येतो ना, तसा.”

“घशाला टोचतोय?”

“नाही, नाकाच्या शेंड्यालाच.”

वहिनीने डोळे मिटले. नणंद सांगत गेली, आणि आत कुठेतरी सफरचंद आलं, गवत आलं, गवताखाली दबलेली गुलाबाची पाकळीसुद्धा आली. खरं की भास, देव जाणे.

“गवताचा वास आहे तोवर कच्चंच,” ती म्हणाली. “आज नको. उद्या बघू.”

साहेबांनी स्वतः झाकण ओढून लावलं. “उद्या किती वाजता येऊ, वहिनी?” त्यांनी विचारलं.

ते गेल्यावर नणंद हळूच म्हणाली, “खरं सांग, तुला आला वास?”

“तू सांगितलास तेवढा आला,” वहिनी म्हणाली, आणि त्या बडबड्या नणंदेच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली.