फुईने हातोडा थांबवला

चेतना फुईची गाडी गल्लीत वळली की आधी कुत्री उठायची, मग आम्ही. इतका आवाज! फुई म्हणजे पप्पांची धाकटी बहीण. आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. ती नंदुरबारला लॅबमध्ये रक्त तपासते आणि जाता-येता धानोऱ्याच्या आम्हा पाच मुलींना शाळेत सोडते, परत आणते, कारण एसटी पोचते तोवर आमचा पहिला तास संपलेला असतो. गाडी जुनी, पांढरी, आणि मागच्या उजव्या चाकातून घूंऽऽऽ करणारी. वेग वाढला की घूं वाढायचं. आमच्यातली तमन्ना त्या सुरात पाढे म्हणून दाखवायची.

शनिवारी पप्पा नेमके ओट्यावर बसलेले होते.

"हाई गाडी शे का पिठनी गिरणी?" ते ओरडले. "एक दिन चाक निंघी जाई! सोमवारपाईन पोरीसले या गाडीमा धाडानं नही."

पप्पांनी नाही म्हटलं की गल्लीतले बाकीचे बापही नाही म्हणतात. मग मला मामाकडे शहाद्याला राहून दहावी करावी लागणार, नाहीतर रोज गणिताचा तास बुडवावा लागणार. आणि यंदा मला गणित यायला लागलंय हो, चक्क हात वर करून उत्तरं देते मी! फुई मात्र हसत होती.

"भाऊ, एक इतवार दे माले. बेअरिंग गई शे, बदली टाकसू."

"तुले जमी?"

"नही जमनं ते हासाले तुलेच बलावसू!"

नंदुरबारचा मिस्त्री भाचीच्या लग्नाला सुरतला गेलेला होता. फुईने बेअरिंग आणली तीही दुकानातली शेवटची.

रविवारी सकाळी अंगणात आमची शाळाच भरली. पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक खाली केला, जॅकवर गाडी उचलून खाली ठोकळे सरकवले. चाक निघालं, पण आतला मोठा नट हलेना. फुईने पान्ह्याला विहिरीच्या मोटारीचा जुना पाइप चढवला, ओढणी कमरेला खोचली आणि पाइपावर चक्क उभी राहिली. कर्रर्र! नट सुटला. मी टाळ्या वाजवल्या. पप्पा खाटेवर चहा पीत होते.

ड्रम म्हणजे चाकाच्या मागची लोखंडी डबी, जड, काळी. बेअरिंग तिच्यातच घट्ट बसलेली असते. जुनी ठोकून काढली तेव्हा फुईने ती माझ्या हातात दिली. "फिराव." फिरवली, तर आत वाळू भरल्यासारखी खरखर. एवढुशा कड्याने अख्खी गल्ली उठवली होती!

आता नवी बसवायची. जुनी फोडून तिचं बाहेरचं कडं नवीवर ठेवून फुई ठोकू लागली. "फक्त बाहेरना कडावर मार लागाले पाहिजे," ती मला सांगत होती, "मधला कडावर लागना का गोळ्या खराब." टक. टक. टक. आणि मग आवाज बदलला. बेअरिंग एका बाजूने खाली गेली, दुसऱ्या बाजूने वरच राहिली.

"ठोक ना! थांबनी काब्र?" पप्पा उठून आले. "चार जोरमा दे, बसी जाई."

फुईचा हातोडा वर गेलेला होता. खरं सांगते, मी असते तर हाणलाच असता. सगळे बघताहेत, भाऊ डोक्यावर उभा, उद्या सोमवार! पण तिने हातोडा हळूच खाली ठेवला.

"वाकडी बसनी शे, भाऊ. आखो ठोकं ते फुटी जाई. दुसरी नही शे."

तिने सावकाश, उलट्या बाजूने टिचक्या मारल्यासारखं ठोकत बेअरिंग बाहेर काढली. पुसली. डोळ्याजवळ धरून गोल फिरवून बघितली. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माझ्या हातात दिली. "फ्रीजमा, बर्फना कप्पामा ठेव." थंडीने ती किंचित आक्रसेल आणि ड्रम तापवला की तो किंचित पसरेल. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला धडा! मी तो पाठ केला होता, फुई तो करून बघणार होती.

ड्रम तापवायचा कशावर? मागच्या अंगणात मम्मीचे मांडे चालले होते. मोठी चूल, वर पालथं खापर.

"मांडास्नी चूलवर हाई काळं काय ठेवी ऱ्हायनी वं, नणंदबाई?"

"वहिनी, तुन्ही चूलशिवाय पोरी शाळामा जात नहीत!"

मम्मीने खापर उतरवलं, जाळ मागे ओढला आणि ड्रम नुसत्या निखाऱ्यावर ठेवला. मांड्यांना खापर तापलं की नाही हे ती पाणी शिंपडून बघते, तसंच ड्रमवर बघत राहिली. पहिल्यांदा थेंब नुसता ओघळला. दुसऱ्यांदा बसून राहिला. तिसऱ्यांदा चर्र झालं. "ल्या आते! पटकन!"

फुईने ओल्या गोणपाटात ड्रम धरला. "काजल, तुन्हा हात बारीक शेतस. सरळ धर आनि सोडी दे."

मागच्या वर्षीची मी "नको, मला नको" म्हणाले असते. मी फ्रीजमधून आणलेली बर्फगार बेअरिंग दोन्ही हातांनी धरली, आडवी, अगदी सपाट, आणि सोडली.

टप्प.

तळाशी! एकही ठोका नाही! फुईने जोरात आरोळी ठोकली, मम्मी चुलीपाशीच हसायला लागली, आणि मी अंगणात उड्या मारल्या.

ड्रम निवल्यावर चाक चढलं. पप्पा मागच्या सीटवर, नेमके त्याच चाकाच्या वर, बाजूला कान लावून बसले. फुई गाडी हमरस्त्यावर घेऊन गेली. चाळीस. साठ. काच बंद. पप्पांनी मला श्वाससुद्धा हळू घ्यायला लावला. घूं कुठेच नव्हतं. नुसता टायरचा रस्त्यावरून जाण्याचा आवाज.

त्यांनी खिशातून फोन काढला. तमन्नाच्या वडिलांना लावला.

"हा, मुजाहिदभाई. सोमवारले पोरले येळवर उभी ठेव. हा, गाडी येई... आवाज? कसाना आवाज? तुन्हा ट्रॅक्टरपेक्षा गुपचूप चालस!" थोडा वेळ ते ऐकत राहिले. मग छाती फुगवून म्हणाले, "मिस्त्री कसाना? मन्ही बहीणनी करी. हा, घरमाच. चूलवर!"