सहाव्या रांगेतली खुर्ची

"लेलँड, तिथेच थांब. हलू नकोस," वर्ना माईकमध्ये म्हणाली आणि तिने तिसऱ्या पडद्यावर बोट टेकवलं.

सभागृहाच्या मागे लावलेल्या ट्रकमध्ये ती बसली होती. समोर चार कॅमेऱ्यांचे चार पडदे; तिसरा कॅमेरा आत लेलँडच्या हातात. आत विद्यापीठाचा बँड रंगीत तालीम करत होता. दोन तासांनी माजी सैनिक दिनाचा हाच कार्यक्रम राज्यभर थेट दिसायचा होता. प्रेक्षागृह रिकामं होतं. माणूस उठला की बैठक स्प्रिंगने वर मिटते, तशा सगळ्या खुर्च्या मिटलेल्या होत्या. सहाव्या रांगेत मधोमध एक मात्र खाली होती.

"तिथे कोण बसलंय?"

"कोणी नाही."

"मग खुर्ची खाली कशी? तुझा डबा ठेवलायस का तिच्यावर?"

"डबा माझ्या पोटात आहे, वर्ना. स्प्रिंग गेली असेल."

बँड सैन्यदलांच्या गाण्यांवर आला. ज्या दलाचं गाणं वाजेल त्या दलात नोकरी केलेल्यांनी उभं राहायचं, असा इथला रिवाज. तालमीला उभं राहायला कोणी नव्हतं. भूदलाचं झालं, नौदलाचं झालं. मरीन दलाच्या गाण्याची पहिली ओळ वाजली आणि खाली असलेली ती बैठक वर जाऊ लागली. सावकाश. गुडघे धरलेला माणूस हातांवर भार देऊन उठावा तशी. गाणं संपेपर्यंत ती वर राहिली, आणि पुढचं गाणं सुरू होताच पुन्हा खाली आली.

लेलँडने कॅमेरा त्या खुर्चीवर आणखी जवळ आणला. मग म्हणाला, "वारा असेल."

"बंद सभागृहात? वारा तुझ्या डोक्यात असेल."

पण ती बघायला निघाली. ट्रकचं छप्पर ठेंगणं. आत उभं राहायचं तर मान वाकवावी लागे. वर्ना म्हणूनच आत कधी उभी राहत नसे. बसल्या बसल्या दारापर्यंत सरकायची आणि ताठ मानेने उतरायची. नववीत शाळा सोडून ती या स्टेशनात कॉफी करायला आली होती. तारा ओढत ओढत निर्मातीच्या खुर्चीपर्यंत पोचली. वाकायचे दिवस तेव्हाच संपले, असं ती म्हणे.

सभागृहात तिने ती बैठक खाली दाबून सोडली. थाडकन वर गेली. पुन्हा दाबली. थाडकन. स्प्रिंग उत्तम होती. बाहेर तळ्यावर बर्फ धरलं होतं, आतला हीटर अजून लावायचा होता, शेजारच्या खुर्च्या गारठलेल्या. या एका बैठकीचं कापड कोमट होतं. वर्नाने तळहात कोटाला पुसला.

खुर्ची तिच्या ओळखीची होती. चौदा वर्षांपूर्वी इथे कर्टिस बसला होता, तिचा मुलगा. याच बँडमध्ये तो ट्रॉम्बोन वाजवायचा, मग मरीन दलात गेला, युद्धावरून धडधाकट परत आला. निदान तिला तरी तसा दिसला. त्या वर्षी तिने कॅमेरा मुद्दाम त्याच्यावर लावून ठेवला. गाणं वाजलं. म्हातारे उठले, काठ्या टेकत उठले. कर्टिस उठला नाही. हात मांडीखाली दाबून बसून राहिला, आणि सगळ्या राज्याने ते पाहिलं.

"लोकांपुढे माझं नाक कापलंस," घरी जाताना गाडीत ती म्हणाली होती. "दोन मिनिटं उभं राहायला काय झालं होतं तुला?"

तो म्हणाला, "पुढच्या वेळी राहीन, मॉम."

त्यानंतरच्या मार्चमधल्या एका सकाळी त्याने स्वतःच्या हाताने जीव संपवला.

ती ट्रककडे परतली तेव्हा पायरीशी डीड्रा उभी होती, कर्टिसची बायको. एका हातात लिंबाच्या वड्यांचा ट्रे, दुसऱ्यात घडी केलेला कागद. दर वर्षी तोच ट्रे आणि तोच कागद.

"वड्या ठेव आत," वर्ना म्हणाली. "कागद तुझ्याजवळच राहू दे."

"यंदा तरी घ्या, मॉम. नामावलीत एक ओळ वाढली तर काय बिघडतंय?"

"नामावली रणात पडलेल्यांची आहे. नियम म्हणजे नियम."

"नियम कोणी केला?" डीड्राचा आवाज चढला नाही. "तो गेला त्याच्या आदल्या वर्षापर्यंत असा नियम नव्हता. गाव तोंडावर बोलत नाही तुमच्या, पण मोजता सगळ्यांनाच येतं."

"फार शिकलीस ना तू! जा, जागा धर. मागे बस, पुढे फार उजेड असतो."

डीड्राने ट्रे आत ठेवला, कागद त्याच्याखाली सरकवला आणि ती गेली.

दोनच्या ठोक्याला प्रक्षेपण सुरू झालं. सभागृह गच्च भरलं होतं. सहाव्या रांगेत दोन म्हाताऱ्या मरीन सैनिकांच्या मधली ती खुर्ची तेवढी मोकळी. मोकळी आणि खाली. लेलँडने न सांगताच कॅमेरा तिच्यावर आणला. डावीकडच्या म्हाताऱ्याने त्या खुर्चीच्या हातावरून आपलं कोपर काढून घेतलं. शेजाऱ्याला जागा करून द्यावी तसं, न बघता.

नौदलाचं गाणं संपत आलं. वर्ना तिसऱ्या पडद्याकडे सरकली. तिने माईकचं बटण दाबलं.

"बसून राहा," ती म्हणाली.

"कोण, मी?" लेलँडचा आवाज आला. "बाई, मी सकाळपासून उभाच आहे!"

"तू नाही." तिने पडद्यावर तळवा ठेवला. "उठायचं काही कारण नाही. बस रे. ऐकतोयस ना? बसून राहा."

ट्रकमधली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. गाण्याची पहिली ओळ वाजली. रांगेतले म्हातारे उठले, त्यांच्या बैठका थाड थाड वर गेल्या. मधली एक चतकोर वर आली, तिथे थरथरली, आणि हळूहळू पुन्हा खाली टेकली. गाणं संपेपर्यंत ती तशीच राहिली.

मग शेवटची संथ धून. मंचावरच्या मोठ्या पडद्यावर नामावली सरकायची: नाव, दल, कुठे पडला ते गाव. ज्यांचं नाव येईल त्यांच्या घरचे जागेवर उभे राहत.

"टेसा, शेवटी एक ओळ घाल," वर्ना अक्षरांच्या यंत्रावर बसलेल्या मुलीला म्हणाली.

"आत्ता? नावं सरकायला लागलीत!"

"म्हणून तर हात चालव. कर्टिस हॉल्व्हर्सन."

टेसाची बोटं थबकली, मग चालली. "दल?"

"मरीन."

"ठिकाण?"

वर्नाने ट्रेखालचा कागद ओढून उघडला. डीड्राने दोन रकाने भरले होते. तिसरा चौदा वर्षं कोराच होता.

"वर्ना, ठिकाण काय घालू? नुसती सात नावं राहिलीत."

"घरी," वर्ना म्हणाली. "घरी असं घाल."

नाव मोठ्या पडद्यावर खालून वर सरकू लागलं. चौथ्या कॅमेऱ्यात अगदी मागच्या रांगेतून एक बाई एकटीच उभी राहिली. लोक मागे वळून बघू लागले. तिसऱ्या पडद्यावर, म्हातारे आपापल्या जागी बसलेले असताना, त्यांच्या मधली खुर्ची मिटली होती. कधी मिटली ते कोणी पाहिलं नाही.

"वर्ना, पुढचा शॉट कुठला?" लेलँडने विचारलं. "वर्ना?"

ती उठत होती. वर छप्पर ठेंगणं होतं. तिने मान वाकवली, आणि नाव पडद्यावरून जाईपर्यंत तशीच उभी राहिली.