यादी निघेपर्यंत

“रोज संध्याकाळी ऊसतोडीची यादी कागदावर काढून दाराला डकवत जा, मॅडम,” साखर कारखान्यात कॉम्प्युटर बसवून देणारा बसवराज जाताना बजावून गेला होता. “लाइट अचानक गेली, तर हे यंत्र उठताना आधी सगळी डिस्क तपासतं. कधी पाच मिनिटं, कधी तास. तेवढ्या वेळात यादी कुणाच्याच हातात नसते.”

शेतकी ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारी मालन हो म्हणाली आणि सोडून दिलं. हजारावर नावं छापायला पाऊण तास जायचा, आणि घरी पाच महिन्यांची लेक दुधासाठी टाहो फोडत असायची. शिवाय यादी बघायला येतंय कोण, असं तिला वाटायचं.

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात लोक आले. विहिरी आटल्या होत्या, उभ्या उसाचं चिपाड होत होतं. तोडणीची टोळी कुणाच्या फडात आधी जाणार, ते लागणीच्या तारखेवरून ठरायचं, आणि तो क्रम फक्त मालनच्या डिस्कवर होता. त्या दुपारी शेतकी ऑफिसपुढं पन्नासेक माणसं काठ्या घेऊन उभी होती आणि नेमकी लाइट गेली.

जनरेटर सुरू झाला. मालननं यंत्र चालू केलं. पडद्यावर डिस्क-तपासणीचे आकडे चढत चारशेवर आले आणि अडकले. डिस्क एकाच जागी खरखरत राहिली.

जळकोटकडचा आबाराव दारातून वाकून बघत होता. त्याचा चार एकर ऊस वाळत होता. “मोटर धरली जणू तुमची,” तो हसत म्हणाला. “बंद करायची, फिरून चालू करायची. आमी विहिरीवर रोज तेच करतो.” आणि मालन उठायच्या आत त्यानं हात लांबवून भिंतीवरचं बटन बंद केलं.

पडदा काळा झाला. पुन्हा चालू केलं, तर आकडे एकापासून.

या वेळी ते दोनशेवरच रुतले. अर्धा तास गेला. आबारावचं हसू गेलं.

“आत नंबर फिरवायलेत,” तो बाहेर वळून म्हणाला. “डायरेक्टरचा ऊस पुढं घ्यायलेत.”

पहिला दगड खिडकीतून आला. काच मालनच्या मांडीवर सांडली. दुसरा कपाटावर बसला. ती टेबलाआड झाली, पण नजर पडद्यावरच. तेव्हा तिला दिसलं, डोक्यावरचा बल्ब मंद झाला की आकडे थांबतात, उजळला की दोन-चार पुढं जातात. समोरच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा निळा उजेड त्याच तालावर उडत होता. जनरेटर एकच. वेल्डिंग विजेचा सगळा दाब ओढत होतं आणि डिस्क तीच जागा परत परत वाचत बसली होती.

“श्रीपतीकाका, वेल्डिंग थांबवायला सांगा, पळा.”

तामलवाडीचा श्रीपती, साठीला टेकलेला शिपाई. “तोंडी माझं कोण ऐकतंय तिथं? लिहून द्या, ताई.”

तिनं हाताला आला तो कागद फाडला. कडेला भोकं असलेला, यादी छापायचाच. त्यावर एक ओळ खरडून त्याच्या मुठीत दिला.

“यादी चालली डायरेक्टरकडं,” कुणीतरी म्हणालं.

वर्कशॉपच्या दारात जमावानं श्रीपतीला गाठलं. आधी उसानं मारलं, ऊस मोडले तसं काठ्यांनी. खाली पडल्यावर पोटात लाथा घातल्या. त्यानं डोक्यावर उजवा हात घेतला आणि काठी त्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मालनला खिडकीत ऐकू आला. डावी मूठ मात्र तो उघडेना.

मग आबाराव आत आला. मालन बटनाला पाठ लावून उभी राहिली. लेकीला पाजायची वेळ टळून गेली होती, पदर दुधानं भिजला होता.

“सरक, बाई.”

“बंद केलं तर परत एकापासून. मोटर न्हाय ही.”

काठी तिच्या खांद्यावर बसली. दुसरी कानावर. रक्त मानेवरून उतरलं. ती हलली नाही. तिसरीसाठी हात वर गेला आणि बल्ब पांढराफेक झाला. वेल्डिंगवाले हातातलं टाकून मार बघायला बाहेर आले होते.

आकडे धावू लागले. सहा मिनिटांत तपासणी संपली, प्रिंटर कुरकुरत चालू झाला. आबाराव काठी टेकून कागद वाचत होता. त्याचं नाव दुसऱ्या दिवशीच्या टोळीत तिसरं होतं.

“त्या म्हाताऱ्यापाशी काय हाय मग?” त्यानं हळूच विचारलं.

“मूठ उघडून बघा की.”

तो गेला. मूठ उघडायला त्याला वेळ लागला. कागदावर एवढंच होतं: ‘वेल्डिंग अर्धा तास बंद ठेवा. मालन.’

त्या दिवसापासून दाराला रोज यादी लागते. श्रीपती मात्र परत आला नाही. मालननं दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. जायचं तर त्याच्यासमोर उभं राहायचा धीर होत नाही. तुम्ही तामलवाडीवरून जाणार असाल तर घटकाभर उतरा. देवळामागं त्याचं घर आहे. उजव्या हातानं घास तोंडापर्यंत जातो का, तेवढं बघा. आणि मालनला कळवा.