सेल्मर हॉगनची बंदूक

बाप सेल्मर गेल्यावर घरातल्या चीजवस्तूंचा लिलाव ठरला, तेव्हा डार्लीन हॉगनने बंदूक तेवढी आधी बंदुका दुरुस्त करणाऱ्या ऑर्विलकडे आणली. जुन्या बंदुकांची पारख त्याच्याइतकी आसपासच्या गावांत कुणाला नव्हती. ब्लँकेटची घडी उलगडली आणि ऑर्विलने बंदूक ओळखली. सदतीस वर्षांपूर्वी ही बंदूक त्याच्या हातात येऊन गेली होती.

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी फेझंट पक्ष्यांच्या शिकारीत सेल्मरच्या हातातल्या याच बंदुकीचा बार उडून त्याचा सोळा वर्षांचा मुलगा कर्मिट गेला. सेल्मर एकच सांगत राहिला, की चापाला बोट लावलंच नव्हतं. पुढचं काडतूस भरायला नळीखालची सरकती मूठ मागेपुढे केली आणि बार उडाला. शेरीफने बंदूक तपासायला ऑर्विलकडे दिली. ऑर्विल तेव्हा तिशीचा, धंद्यात नवा. त्याने वीसेक वेळा मूठ ओढून पाहिली, काडतुसावर आपटणारा घोडा एकदाही आपोआप पडला नाही. बंदुकीत खोट नाही, असं त्याने लिहून दिलं. खटला झाला नाही, पण सेल्मर गावात खोटारडा ठरला. त्याची बायको अ‍ॅग्नेस त्याच घरात राहिली, त्याच्या पुढ्यात ताट ठेवत राहिली. त्याच्याशी मात्र पुन्हा एक शब्दही बोलली नाही.

ऑर्विलने कामाला सुरुवात केली. बाहेर दिसणारा घोडा, म्हणजे विंचेस्टर कंपनीची १८९७ च्या मॉडेलची, मूठ ओढून भरायची पंप बंदूक. क्रमांकावरून साल निघालं १९१२. नळी मूळची, अक्रोडी दस्ता मूळचा, निळी झिलई फक्त हात लागतो तिथे उडालेली. आठशे डॉलरला मरण नाही, असं तो म्हणाला. पण आतून पाहिल्याशिवाय भाव सांगायची त्याची रीत नव्हती. त्याने स्क्रू काढले.

घोडा ज्या खाचेत अडकून राहतो, ती खाच कानशीने घासलेली होती. कंपनीचं काम नव्हतं ते, कुणा नवशिक्याचा हात होता. इतकी उथळ खाच वीस वेळा धरेल आणि एकविसाव्यांदा हिसक्याने सुटेल. ऑर्विल बराच वेळ भिंग धरून बसला. स्क्रू परत बसवून आठशे सांगितले असते तर कुणाला कळणार होतं?

“याला कुणी हात लावला होता, पोरी?”

डार्लीनने वाकून बघितलं. मग तिने हळूहळू सांगितलं. त्या वर्षी धान्याच्या कोठारात कर्मिटने बंदूक सगळी खोलून मांडली होती. ती नऊ वर्षांची होती. स्क्रू हरवू नयेत म्हणून डब्याचं झाकण धरून बसली होती. कानशीने घासून चाप हलका करतोय, बाबांना सांगायचं नाही, असं त्याने बजावलं होतं.

“मला वाटलं, तेही साफ करण्यातलंच काही असेल.”

“तुझा बाप खरं बोलत होता,” ऑर्विल म्हणाला. “मी तेव्हा बंदूक उघडलीच नाही. उघडायला हवी होती.”

ती खुर्चीत बसली. बाबांना हे कधी कळलं होतं का, एवढंच तिने विचारलं. ‘नाही’ असं ऑर्विलच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण आत अलीकडचं तेल होतं, वर्षानुवर्षं उघडून स्क्रूच्या खाचा झिजल्या होत्या. इतक्या निगुतीने साफ करणाऱ्या सेल्मरच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं.

“कळलं होतं.”

“मग तोंड का नाही उघडलं त्यांनी?” आणि तिनेच खालच्या आवाजात पुढे म्हटलं, “आईला सांगणार तरी काय होते? की पोराने आपल्याच हाताने...”

घासलेल्या खाचेपायी भाव निम्म्यावर आला होता. ऑर्विलने तो सांगितला. तिने ऐकला की नाही, कोण जाणे. बंदूक लिलावात गेली नाही.

रविवारी डार्लीन वृद्धाश्रमात आईकडे गेली. ऑर्विल आपण होऊन बरोबर गेला. आपल्या वाट्याचं आपणच सांगायला हवं, असं त्याला वाटलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या अ‍ॅग्नेसने दोघांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नंतर ती ऑर्विलकडे वळली.

“उघडून बघायला किती वेळ लागतो?”

“दहा मिनिटं,” तो म्हणाला.

तिने मान हलवली. मग लेकीला सांगितलं, की या माणसाला घरी सोडून ये, आणि मग मला तुझ्या बापाच्या थडग्यापाशी घेऊन चल.