थोरल्याचा वाटा

"पावणं, हितं विमान उतरत न्हाय. हितं पॅसेंजर थांबती, ती बी मिनिटभर!"

खिडकीपलीकडचा चाकाच्या बॅगवाला तरुण ओशाळला. विमानतळाला जायला इथंच उतरायचं ना, एवढंच त्या बिचाऱ्यानं विचारलं होतं. शेवटी एका रिक्षावाल्यानं हाक मारून त्याला नेलं, आणि पिराजी तिकिटांच्या गठ्ठ्यावर उगीचच शिक्का आपटत बसला.

कोल्हापूरच्या अलीकडं, उसाच्या फडांमध्ये पिंपरणी हॉल्ट नावाचं हे ठिकाण. एक फलाट, एक लिंबाचं झाड आणि पत्र्याची एक खोली. स्टेशनमास्तर नाही, सिग्नल नाही. तिकिटं विकायची ती कमिशनवर नेमलेल्या पिराजीनं. अठरा वर्षं तो खिडकीत बसत होता, आणि त्या अठरा वर्षांत दुसऱ्या कुणाला त्यानं त्या खुर्चीला टेकूही दिलं नव्हतं. पंचक्रोशीत त्याला मास्तर म्हणत. म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत तरी म्हणत. मग फलाटाच्या टोकाला निळी पाटी लागली, तिच्यावर विमानाचं चित्र आणि बाण, आणि लोक खिडकीशी येऊन एकच विचारू लागले. विमानतळ कुठाय?

त्याचं तरी एवढं काही नव्हतं. पण त्या विमानतळावर बाळासो होता, आणि बाळासो त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता.

सकाळी नऊला बाळासोची गाडी हॉल्टवरून जायची. अंगात इस्त्रीचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र. काम काय, तर लोकांच्या बॅगा पट्ट्यावर चढवायच्या. पण गावात कुणी तसं म्हणेल तर शपथ! बाळासो विमानात हाय, असंच म्हणायचे. तो गाडी थांबवून रोज हाक मारायचा, "दादा, च्या झाला का?" आणि पिराजी मान खाली घालून म्हणायचा, "झाला." पिराजी जळत होता. आता जळणाऱ्याला जळतोय म्हणू नये तर काय म्हणावं?

त्यातून दुखणं असं, की हे सगळं त्यानं आपल्याच हातानं केलं होतं. वडील गेल्यावर वाटणी झाली. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं उचलायचा, ही त्यांच्या घरची रीत. पिराजीनं वाटे पाडले दोन. एकात विहीर आणि उसाची जमीन, दुसऱ्यात मुरमाड माळ. आणि आदल्या दिवशी भावाला बाजूला घेऊन म्हणाला, "बाळू, हिरीचं रान म्हंजे नुसती भांडणं. पाळी, मोटर, शेजारी. माळ कसा निवांत हाय." बाळूनं हसून माळ उचलला. पुढं विमानतळ वाढला, माळ धावपट्टीत गेला, आणि जमीन गेलेला म्हणून तिथल्या कंत्राटदारानं बाळूला कामाला घेतलं. या गोष्टीचा उच्चार बाळासोनं आजवर एकदाही केला नव्हता. एकदा तरी टोमणा मारला असता, तर पिराजीला बरं वाटलं असतं.

आणि मग श्रावणात एका संध्याकाळी बाळासो पेढे घेऊन आला. आईच्या, म्हणजे शालूबाईंच्या, पायाशी बसला.

"आये, तिरुपतीला जायाचं. इमानानं. तुजं नि माजं तिकीट काढलंय, रजा बी टाकल्या."

शालूबाई पंच्याहत्तरीच्या. त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि अक्षरशः लहान पोरीसारख्या हसल्या. "आगं बया! मी ढगात?"

पिराजीच्या हातातला पेढा हातातच राहिला. कारण तिरुपतीचा शब्द त्याचा होता. 'आये, हरिप्रिया गाडीनं तुला बालाजीला नेतो,' असं तो अठरा वर्षं म्हणत होता. दर वर्षी काहीतरी निघायचं, आणि खिडकी कुणावर सोपवायची हा प्रश्न तर कायमचाच. हरिप्रिया रोज त्याच्या नाकासमोरून न थांबता धडधडत जायची आणि तो म्हणायचा, पुढल्या साली. आता हा परवाचा पोरगा उठतो आणि दीड तासात आईला देवापुढं उभी करतो!

दुसऱ्या दिवशी बाळासो कामावर गेल्यावर तो आईजवळ जाऊन बसला.

"आये, जा खुशाल. पर तुजा डावा कान वाहतोय न्हवं? इमान वर चढलं की कानाचा पडदाच फाटतोय. आमच्या खिडकीवर येत्यात की मानसं, सांगत्यात. एक म्हातारी तर कायमची भैरी झाली."

शालूबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"आनि नारळ बी जवळ ठेवू देत न्हाईत," पिराजीनं आणखी एक लावून दिलं. हे मात्र खरं होतं.

संध्याकाळी त्यांनी धाकट्याला सांगून टाकलं. "बाळू, मी न्हाय येत इमानानं. मला भ्या वाटतंय."

पिराजी दाराआड उभा होता. जिंकल्याचा आनंद काय वर्णावा! आता बाळासो चिडेल, बोलेल, रजा वाया गेल्याचं ऐकवेल.

बाळासोनं गळ्यातलं ओळखपत्र काढून खुंटीला अडकवलं. मग म्हणाला, "ऱ्हायलं. मग रेल्वेनं जावा. दादा न्हेतोय म्हनतोयच की. माझी रजा हायच, चार दिवस मी बसतो खिडकीत. तिकिटं इकायची, शिक्का मारायचा, दादा दावंल मला."

पिराजीला पळवाटच राहिली नाही. तत्काळच्या रांगेतसुद्धा बाळासोच उभा राहिला.

शुक्रवारी दुपारी कोल्हापूरहून हरिप्रिया सुटली. शालूबाई खिडकीशी, पिराजी समोर. थोड्याच वेळात पिंपरणी हॉल्ट आला. गाडी थांबणार नव्हतीच. पत्र्याच्या खोलीसमोर बाळासो उभा होता, साध्या शर्टात. दोन्ही हात वर करून हलवत होता आणि काहीतरी ओरडत होता. त्याच्या मागं खिडकीशी चारदोन माणसं उभी होती आणि तीही हसत हात हलवत होती. पिराजीला वाटलं, आपल्या खिडकीशी माणसं अशी हसत कधी उभी राहिली? बघता बघता हॉल्ट मागं पडला.

उसावरून एक विमान वर चढत होतं. शालूबाईंनी गजांना गाल लावून मान वाकडी केली आणि ते ठिपक्याएवढं होईपर्यंत बघितलं.

"वरनं आपलं घर दिसत आसंल न्हवं रं?" त्यांनी विचारलं.

पिराजीला राहवलं नाही. "आये, कानाचं मी खोटं सांगितलतं."

"ठावं हाय मला."

"आं?"

"बाळूनं डागदरला इचारून ठेवलं हुतं आधीच. कापूस घाल म्हनला, कायसुदीक होत न्हाय."

"मग गेली का न्हाईस?" पिराजीचा आवाज चढला. "येवढी हसलीस, ढगात जातो म्हनून! का न्हाय म्हनालीस?"

शालूबाईंनी मांडीवरचं फडकं सोडलं. आत भाकरी होती, वर लाल चटणी.

"बाळू रुसत न्हाय रं," त्या म्हणाल्या. "तू रुसतोस."

त्यांनी भाकरी मोडली. दोन तुकडे सारखे झाले नाहीत. मोठा तुकडा त्यांनी पिराजीपुढं धरला, आणि त्याचा हात आपोआप पुढं गेला.