लिंपलेलं दार

यंदा सासूबाईंनी धुराडं साफ करायला धाकट्या जावयाला बोलावलंय, ही बातमी थोरल्या जावयाला बायकोने सकाळच्या चहाबरोबर दिली. चहा उत्तम झाला होता, तरी तो अर्धाच राहिला.

"त्यांच्याकडे कॅमेरा आहे ना," बायको म्हणाली. "आत काय आहे ते मोबाइलवर दिसतं."

"आणि माझ्याकडे काय आहे?"

"ब्रश आहे," बायको म्हणाली. तिला मेलं खोटं बोलताच येत नसे.

"मग मला बोलावलेलंच नाही?"

"बोलावलंय की. जेवायला."

थोरला तीस वर्षं गावाची धुराडी साफ करत होता. सासूबाईंचं धुराडं तर लग्न झाल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, दर हिवाळ्याच्या तोंडावर, न चुकता. धाकट्याला या धंद्यात आणलं त्यानेच. शिडी कशी टेकवावी, काजळी कुठली साधी आणि कुठली घातकी, हे सगळं त्यानेच शिकवलं होतं. धाकट्याने ते मनापासून शिकून घेतलं आणि त्यावर पांढरे हातमोजे चढवले. दिवसभर धुराड्यात हात घालून संध्याकाळी हा माणूस लग्नाला निघाल्यासारखा दिसायचा. थोरल्याच्या नखांतली काजळी मात्र त्याच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा निघाली नव्हती. फोटोत दिसते.

"किती स्वच्छ राहतात नाही ते?" असं बायको एकदा सहज बोलून गेली होती. त्या सहज बोलण्याला आता चार वर्षं झाली होती.

पण नुसता मत्सर असता तर थोरल्याने तो जेवणाबरोबर गिळला असता. खरी गोची वेगळीच होती.

सासूबाईंचं धुराडं बैठकीतल्या लोखंडी शेगडीपासून सरळ वर जायचं, मग भिंतीच्या आत कोपर वाकवावं तसं वळायचं आणि तिथून छपराबाहेर. वरून ब्रश घाला, तो वळणापाशी अडतो. खालून घाला, तरी तिथेच अडतो. म्हणून बांधणाऱ्या शहाण्या गवंड्याने वळणाशेजारी भिंतीत वीतभर लोखंडी दार ठेवलं होतं. ते उघडायचं, हात घालायचा, वळण खरवडायचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ते कुरूप दार तेवढं बंद करता येईल का हो? तिथे फुलाफुलांचा कागद लावायचाय."

नवा जावई! तो "नाही" कसा म्हणणार? त्याने दार लिंपलं, वरून रंधा मारल्यासारखी भिंत गुळगुळीत केली. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "गुणी हो अगदी." तेव्हापासून त्या घरात थोरला म्हणजे गुणी जावई. आणि तेव्हापासून त्या वळणाला कुणाचा हात लागला नव्हता.

पुढच्या वर्षी सांगू, असं त्याने पहिल्या वर्षी ठरवलं. मग सांगायला उशीर झाला आणि पुढे तर इतका उशीर झाला की सांगणंच विचित्र दिसलं असतं. वळणावर साचते ती नुसती काजळी नसते. तिची डांबरासारखी चकचकीत खपली होते, आणि एक ठिणगी पोचली की भिंतीच्या आत धुराडं पेटतं. वरच्या खोलीत सासूबाई झोपतात. थंडीत फोन वाजला की तो सासूबाईंकडचा नाही ना, हे थोरला आधी बघायचा.

आणि आज तिथे कॅमेरा जाणार होता.

दोघं पोचली तेव्हा धाकटा छपरावर जाऊन धुराड्याची टोपी काढून खाली उतरला होता. त्याने शेगडीपुढे पांढरी चादर अंथरली. पांढरी! धुराडं साफ करताना! थोरल्याला वाटलं, हा माणूस दाखवायलाच जन्माला आलाय.

"या साडूभाऊ," धाकटा अदबीने म्हणाला. "तुम्ही असलात की बरं वाटतं."

"आज वारा फार आहे. उद्या केलं तर?"

"कॅमेऱ्याला वारा लागत नाही हो."

सगळे खुर्च्या ओढून बसले. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता. सासूबाईंनी चष्मा पुसला. धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, मॅच बघायला बसावी तशी पाय वर घेऊन बसली. लवचीक काठीच्या टोकावरचा कॅमेरा शेगडीतून वर सरकू लागला.

"अगंबाई, पोटातलंच दिसतंय जणू," सासूबाई म्हणाल्या. "स्वच्छ आहे हो!"

"साडूभाऊंचा हात आहे," धाकटा म्हणाला.

थोरला घोटभर पाणी प्यायला. कॅमेरा वळणापाशी आला आणि थांबला. पडद्यावर काळी, जाड, चकाकणारी खपली भरून राहिली. मधे जेमतेम मूठ जाईल एवढं भोक.

धाकट्याने पडद्याकडे पाहिलं, मग थोरल्याकडे. धंद्यातला माणूस. असा थर बसायला किती वर्षं लागतात, हे त्याला कळत होतं. थोरल्यानेच शिकवलं होतं.

"हे काय हो?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई," धाकटा सावकाश म्हणाला. "गेल्या वर्षी लाकडं ओली मिळाली असतील. ओल्या लाकडाने एका हिवाळ्यात असा थर धरतो. साडूभाऊंकडून असं राहणार नाही."

झालं. थोरल्याची अब्रू वाचली. आता त्याने फक्त गप्प बसायचं होतं. इतकं सोपं काम त्याला उभ्या आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

पण सासूबाई उठल्या. धाकट्यामागे गेल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बघा, दुसऱ्याला नावं ठेवायचं सोडून लाकडांना नावं ठेवतायत. केवढं मोठं मन!"

थोरल्याच्या बायकोनेही मान डोलावली. आणि थोरल्याच्या अंगाची लाहीलाही झाली. कॅमेरा याचा, हातमोजे याचे, आणि आता मोठं मनही याचंच? माझ्या पापावर याने पुण्य कमवायचं? ते काही नाही.

"लाकडं कोरडी होती!" थोरला ओरडला. "हे माझं आहे! बावीस वर्षांचं आहे! त्या फुलाफुलांच्या कागदामागे दार आहे, ते मी लिंपलं, आणि तेव्हापासून वळण एकदाही साफ केलेलं नाही!"

सासूबाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे मी बावीस वर्षं दारूगोळ्यावर झोपतेय?"

"तुम्हीच म्हणालात ना आई, बंद करा."

"मी म्हटलं म्हणून? उद्या म्हणेन, तुम्ही वर असताना शिडी काढा, तर काढणार?"

यावर खरं उत्तर 'हो' असं होतं.

थोरला उठला. हातोडी आणि छिन्नी गाडीतच होती. कागद त्याने हातानेच ओरबाडला, बावीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा गिलावा फोडला आणि गंजलेलं दार उघडलं. धाकटा निमूट शेजारी येऊन बसला. एकाने खरवडायचं, दुसऱ्याने बादली धरायची. तीन बादल्या निघाल्या. पांढऱ्या चादरीची आणि हातमोज्यांची जी दशा झाली ती बघून थोरल्याला जेवणाआधीच ढेकर आली.

शेवटी कॅमेरा पुन्हा आत गेला. वळण पार करून वर गेला आणि पडद्यावर आभाळाचा गोल तुकडा दिसला. सासूबाई तो बघून थोरल्याकडे वळल्या.

"मघाशी चिडले मी," त्या म्हणाल्या. "अजून चिडलेलीच आहे. ती भिंत तुम्हीच नीट करून द्यायची, दार ठेवून. पण झाकलं गेलेलं असताना सगळ्यांदेखत स्वतःच्या तोंडाने सांगायचं, याला छाती लागते हो जावईबापू."

"लागतेच," थोरल्याची बायको म्हणाली. आणि तिने नवऱ्याच्या काळ्याकुट्ट हाताकडे असं काही पाहिलं की त्याला ते हात खिशात घालवेनात.

धाकट्याचा चेहरा उतरला. त्याने बायकोकडे पाहिलं. ती कौतुकाने थोरल्याकडे बघत होती. त्याने घसा साफ केला.

"आई, मलाही एक सांगायचंय. मघाशी टोपी काढायला वर गेलो ना, तेव्हा माझ्या पायाखाली तुमची तीन कौलं फुटली. मी बोललो नव्हतो."

"तुम्हीसुद्धा?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "खरे आहात हो दोघंही."

जेवण झाल्यावर टोपी बसवायला थोरला स्वतः वर चढला. टोपी बसवली आणि एकेक कौल हाताने चाचपून पाहिलं. फुटकं एकच होतं.

दोन कौलं धाकट्या लेकाच्याने कबुली देताना पदरची घातली होती.