आजीच्या पाठीशी खिडकी

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला पाहिलं असेल. मी कॅमेऱ्याची फिल्म धुण्याचा एक जुना काळा डबा आहे. कारखान्यातून निघताना माझी एकच परीक्षा झाली: झाकण लावल्यावर आत उजेड शिरतो का? शिरला नाही. मी पास झालो.

मग एका फोटो स्टुडिओत आलो. मालकीणबाईंची भाची त्यांना आत्या म्हणे, म्हणून मीही आत्याच म्हणतो. माझ्या पोटात नाना तऱ्हेच्या फिल्म आल्या. हळू फिल्मला पुष्कळ उजेड लागतो, पण तिचे दाणे बारीक, त्यामुळे गालावरच्या करड्या छटा सायीसारख्या मऊ उतरतात. वेगवान फिल्म थोड्या उजेडात भागवते, पण तिचा फोटो जरा खरखरीत. फिल्मवर दडलेलं चित्र बाहेर काढतं ते पाणी म्हणजे डेव्हलपर. ते तेज असलं की काळं-पांढरं ठसठशीत येतं. पातळ असलं की मधल्या छटा टिकतात.

एकदा शेजारचा सुतार रोल घेऊन आला.

"आत्या, घोळ झालाय. फिल्म हळू होती आणि मी कॅमेऱ्याची चकती वेगवान फिल्मच्या आकड्यावर ठेवली."

"म्हणजे फिल्मला उजेड मिळाला पाव हिस्साच! लाकूड दोनदा मापतोस, चकती एकदा बघता आली नाही?"

"आईच्या मांडीवर आमची छकुली आहे त्यात. आई गेली हो पुढच्याच आठवड्यात. दोघींचा दुसरा फोटो नाही."

आत्यांनी त्याच्यापुढे स्टूल सरकवलं. "कुठे बसली होती?"

"खिडकीला पाठ करून."

मग आत्या-भाचीची जुंपली.

"तेज डेव्हलपर घालू," आत्या म्हणाल्या, "जास्त वेळ ठेवू. काहीतरी ठसठशीत येईल."

"खिडकी येईल ठसठशीत. आजीचा कोळसा होईल. पातळच घालू."

"आणि तुझ्या पातळ पाण्यानं सगळं धुरकट होईल."

"होऊ दे. खिडकी कुणाला बघायचीय, आत्या?"

 मग आत्यांनीच पातळ डेव्हलपर माझ्यात ओतलं.

एरवी मला सारखं उलटंपालटं करतात. त्या दिवशी मात्र मला नुसतं टेबलावर ठेवून दिलं. खिडकीच्या भागातलं डेव्हलपर भराभर काम करून दमलं. कुणी हलवलंच नाही, म्हणून तिथे ताजं पोचेना. चेहऱ्याच्या काळोखात काम थोडं होतं. तिथलं पाणी सावकाश काम करत राहिलं. मित्रांनो, ते वाट बघणं मला फार जड गेलं. एकच रोल, पुन्हा धुता येत नाही.

फोटो छापला तो करडाच. गडद काळं कुठेच नव्हतं. आजीचा एक डोळा सावलीत हरवलेला. तिथे उजेड पोचलाच नव्हता, तो आम्ही कुठून आणणार? पण गालाची कड दिसत होती, आणि छकुलीच्या मुठीतलं आजीचं बोट.

सुतार फोटो खाली ठेवीना.

"हसतेय ना हो?"

"हसतेय रे," आत्या म्हणाल्या. "बघ की, गाल वर गेलाय."

आता फिल्म धुवायला फारसं कुणी येत नाही. मी फळीवर असतो. भाची अधूनमधून माझी धूळ पुसते. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं म्हातारं माणूस खिडकीला पाठ करून बसलं असेल, तर फोटोआधी त्याची खुर्ची हळूच उजेडाकडे वळवा. चेहऱ्यावर जो उजेड पडलाच नाही, तो मागाहून कुठल्याच पाण्याने येत नाही.